हात मोजण्याआधी : प्राथमिक शाळांमधल्या वर्गशिक्षकांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांमधल्या सर्व वर्गशिक्षक बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीची वर्गशिक्षिका आहे. नोकरीला १९ वर्षं झाली. आपण सगळेच आठवड्यातून दोन-चार वेळा जी गोष्ट करतो, तिच्याबद्दल हे पत्र आहे. आपण वर्गापुढे उभे राहतो आणि विचारतो, "कोणाकोणाला क्रिकेट खेळायचंय? हात वर करा." हात मोजतो. "आणि लगोरी? बरं, क्रिकेटचे जास्त. चला मैदानावर." अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. कोणी कुरकुर केली तर उत्तर तयार असतं : बहुमत झालंय ना, मग आता रडायचं नाही.

हे उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलं. आता देववत नाही. का, ते सांगते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गाचा पट ३६ होता. २१ मुलगे, १५ मुली. शनिवारी दप्तर नसतं आणि शेवटचे दोन तास खेळाचे असतात. पहिल्या शनिवारी हात मोजले, क्रिकेट ठरलं. दुसऱ्या शनिवारीही क्रिकेट. मी टाचण वहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांची तयारी लिहायच्या वहीच्या, शेवटच्या पानावर सहज नोंद करत गेले, म्हणून आकडा सांगू शकते. पावसाने बुडालेले दिवस सोडले तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ११ शनिवारी मतं घेतली आणि अकराही वेळा क्रिकेट निघालं. मोजणी दर वेळी चोख होती. कोणावर जबरदस्ती नव्हती. तरी १५ मुली आणि दोन मुलगे चार महिने मैदानाच्या कडेला बसून होते, आणि झुडपात गेलेला चेंडू तेवढा आणून देत होते.

त्यांतली एक मुलगी खिडकीजवळच्या बस्करावर बसते. पहिल्या शनिवारी मी "लगोरी?" म्हटल्याबरोबर तिचा हात ताठ डोक्याच्या वर गेला होता. ऑगस्टमध्ये तो अर्ध्यावर थांबायला लागला. कोपर गुडघ्यावर टेकवलेलं, बोटं अर्धवट मिटलेली, नजर पुढच्या रांगेत कोण काय करतंय त्यावर. मी मोजत मोजत तिच्यापर्यंत पोचायच्या आत हात खाली आलेला असायचा. सप्टेंबरमध्ये तो उठलाच नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "तुला काय खेळायचंय गं?" ती म्हणाली, "काही पण चालंल, बाई."

तिला काही पण चालत नव्हतं. मत दिलं तरी काही फरक पडत नाही, एवढं ती अकरा शनिवारांत शिकली होती, आणि तो धडा मीच घेतला होता.

मुलांना मतदान शिकवू नका, असं मी म्हणत नाही. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आमच्याही शाळेत होते. मोबाईलवरचं मतदान यंत्र, बोटाला मार्करची शाई, दाराशी रांग, पाचवीतल्या मतदान अधिकाऱ्याचा रुबाब, हे सगळं मला मनापासून आवडतं. माणसं जमली आणि वेळ थोडा असला की कुठेतरी मोजावं लागतंच. पण मोजलं म्हणजे न्याय झाला, असं आपण धरून चालतो, आणि मुलंही तसंच शिकतात. माझं सगळं म्हणणं तेवढ्यापुरतं आहे.

सहलीचं उदाहरण घ्या. आमच्यापुढे तीन ठिकाणं होती : दौलताबाद, पैठण आणि अजिंठा. हात वर झाले ते असे : दौलताबाद १५, पैठण ११, अजिंठा १०. नेहमीच्या रिवाजाने दौलताबाद जिंकलं. पण हे बहुमतसुद्धा नव्हे. ३६ पैकी २१ मुलांनी दुसरंच काहीतरी मागितलं होतं. नंतर मी प्रत्येकाला चिठ्ठीवर तिन्ही ठिकाणांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायला सांगितले. चिठ्ठ्या उलगडल्यावर दिसलं की १५ मुलांना दौलताबाद सगळ्यात शेवटी हवं होतं. पैठण शेवटी ठेवणारी मुलं फक्त ८ होती. पहिल्या पसंतीला ३ गुण, दुसरीला २, तिसरीला १ असे गुण दिले, तर पैठण ७५, दौलताबाद ७२, अजिंठा ६९. वर्ग तोच, मुलं तीच, कोणाचंही मन बदललं नव्हतं. विचारण्याची रीत बदलली आणि एसटी पैठणच्या नाथसागराकडे वळली. ती बेरीज मुलांनीच फळ्यावर केली. अपूर्णांकांच्या तासाला जे कधी बोट वर करत नाहीत, तेही खडू मागायला आले.

ही रीत काही माझी नाही. बोर्दा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्ये ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. एवढं लांब कशाला जायचं? माध्यमिक शाळांतले आपले सहकारी विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत देतात, तिथे यंत्राचं बटण नसतं. जांभळ्या शाईचा स्केचपेन हातात देतात आणि उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायला सांगतात. पुरेशी मतं कोणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते. राष्ट्रपतींची निवडणूकही पसंतीक्रमानेच होते. आमच्या सहलीला ही मोजणी लावली तर अजिंठा बाद होतं, त्याच्या दहापैकी आठ चिठ्ठ्या पैठणकडे आणि दोन दौलताबादकडे जातात, आणि १९ विरुद्ध १७ ने पुन्हा पैठणच येतं. शिक्षकांचा आमदार निवडताना ज्या हिशेबाची गरज वाटते, तो शिक्षकांच्या वर्गात का नको?

आता याहून अवघड गोष्ट. दौलताबाद शेवटी ठेवणाऱ्या पंधरा जणांत एक मुलगा असा होता, ज्याचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. त्या किल्ल्याच्या पायऱ्या आणि ती अंधारी वाट तुम्हाला माहीत आहे. तो पायथ्याशी बसून राहिला असता. त्याचं एक मत होतं. ३५ विरुद्ध १ झालं असतं, तरी त्याला पायथ्याशी बसवायचा अधिकार त्या ३५ जणांना मिळाला असता का? मला वाटतं, हा प्रश्न हात वर करायला सांगून सुटणारा नव्हता. तीन ठिकाणं फळ्यावर लिहिण्याआधीच मी तो विचारात घ्यायला हवा होता. पैठण निघालं म्हणून निभावलं. ते नशीब होतं, माझी हुशारी नव्हे.

कोणत्या गोष्टी मताला टाकायच्याच नाहीत, हे मला खरं कळलं ते मात्र शिक्षिका झाल्यावर नव्हे. त्याची मुळं माझ्या चौथीच्या वर्गात आहेत. शाळेचं नाव लिहीत नाही.

एका मुलीचा नवा कंपास हरवला. आमच्या गुरुजींनी दार लावून घेतलं, प्रत्येकाला वहीचं अर्धं पान फाडायला लावलं आणि सांगितलं, "तुम्हाला ज्याच्यावर संशय आहे त्याचं नाव लिहा. स्वतःचं नाव लिहू नका. कोणाला कळणार नाही." गुरुजी वाईट नव्हते. मारझोड टाळायची म्हणून त्यांनी हा सभ्य मार्ग शोधला असावा. चिठ्ठ्या गोळा झाल्या आणि फळ्यावर ताळ्याच्या खुणा पडायला लागल्या. चार उभ्या, एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. सगळ्या एकाच नावापुढे. ते नाव गावाबाहेरच्या पालांवरून येणाऱ्या पारधी मुलाचं होतं. त्याने स्वतःच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, देव जाणे. तो फळ्याकडे बघत होता आणि पाचाच्या जुड्या ओठांतल्या ओठांत मोजत होता. आम्हाला नुकतंच तसं मोजायला शिकवलं होतं.

मीही त्याचंच नाव लिहिलं होतं. मी काही पाहिलं नव्हतं. बाकीचे लिहिणार हे माहीत होतं, म्हणून लिहिलं.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. कंपास दिवाळीत त्या मुलीच्याच घरी, गाद्यांच्या उतरंडीमागे सापडला. ते सांगायला पालांवर कोणी गेलं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, हे मी पुढे डी.एड.ला असताना वाचलं. वाचताना डोळ्यांपुढे तो फळा होता. रद्द झालेला कायदा आम्ही नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी अर्ध्या पानांवर, गुप्त मतदानाने, प्रचंड बहुमताने पुन्हा लागू केला होता.

आज शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. पण हीच गोष्ट लहान लहान रूपांत अजून चालू आहे. गप्पा कोणी मारल्या, वर्गाने सांगा. याला गटात कोण घेणार, हात वर करा. आणि कोणीच हात वर करत नाही. गटात घ्यायला कोणीही हात वर न केलेलं मूल त्या चार सेकंदांत कुठे बघतं, ते एकदा पाहा. बहुतेक वेळा ते नख कुरतडतं किंवा चपलेचा पट्टा नीट करतं. कोणाजवळ बसायचं, कोणाला खेळात घ्यायचं, दोष कोणाचा, कोणाला काय म्हणून हाक मारायची, कोणाच्या डब्यात काय असावं, हे प्रश्न मतदानाचे नाहीत. इथे आपण मोठ्या माणसांनी मधे उभं राहायचं असतं.

आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते. परिपाठात मुलं ती तालात म्हणतात : दर्जाची व संधीची समानता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं की अल्पसंख्याकांना भेदभावाने न वागवणं हे आपलं कर्तव्य आहे, याची जाण बहुसंख्याकांना असायला हवी. त्याच भाषणात ते म्हणाले होते की संवैधानिक नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. मला हे वाक्य थेट आपल्यासाठी वाटतं. जोपासायची तर कुठे? अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव लागतं त्याआधी मूल वर्षानुवर्षं आपल्या समोर बसलेलं असतं.

आणि मोठ्यांसाठी कायदा काय करतो तेही बघा. आपल्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. हे सगळं गावातल्या हात वर करण्यावर सोडलं असतं, तर समितीत कोण बसलं असतं ते तुम्हीही जाणता आणि मीही. आईसाठी जी काळजी कायद्याने घेतली, ती तिच्या लेकीसाठी वर्गात कोणी घ्यायची?

मग करायचं काय? मला सगळ्यात जास्त मदत झाली ती गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गोंडांचं छोटं गाव बहुमताने निर्णय घेत नाही. ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरतं. एकाचं जरी अडलं, तरी विषय पुन्हा बोलायला घेतात. त्याआधी अभ्यासगटात विषय उलटसुलट करून झालेला असतो, म्हणून सभेत तो एकदम अंगावर येत नाही. बोलणं आधी आणि ठरवणं नंतर, हा त्यांचा क्रम मी वर्गात आणला.

आता आमच्याकडे मोठा विषय असला की मुलं आधी जोडीजोडीने बोलतात. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि अंगठा दाखवायचा. वर म्हणजे आवडलं. आडवा म्हणजे फार आवडलं नाही, पण चालेल. खाली म्हणजे मला जमणार नाही. डोळे मिटलेले असल्यामुळे पुढच्या रांगेत कोण काय करतंय ते दिसत नाही. ज्याचा अंगठा खाली, त्याला मी नंतर, एकट्याला गाठून एकच प्रश्न विचारते : काय बदललं तर तुझा अंगठा आडवा होईल?

स्नेहसंमेलनाच्या वेळी नाचाच्या गाण्याला ३३ अंगठे वर होते, दोन आडवे आणि एक खाली. जुन्या रिवाजाने मी त्या एकाकडे पाहिलंही नसतं. विचारल्यावर ती मुलगी बराच वेळ फ्रॉकचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "गाणं चांगलं आहे बाई, पण ड्रेपरीचे पैसे घरून मिळणार नाहीत." मी तिचं नाव न घेता वर्गाला विचारलं, भाड्याचे कपडे न आणता हे गाणं बसवता येईल का? पाच मिनिटांत मुलांनीच तोडगा काढला : शाळेचा गणवेश आणि कमरेला घरातली ओढणी. रंगमंचावर त्या छत्तीस वेगवेगळ्या ओढण्या फार सुंदर दिसल्या. हात मोजले असते तर ती मुलगी नाचाच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहिली असती, आणि मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळी झाले असते.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कोणाकडे आहे? नवोदय आणि शिष्यवृत्तीची तयारी, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी. खरं आहे. म्हणून प्रत्येक गोष्टीला सर्वसहमती लावू नका. गोष्ट साधी असेल आणि दर वेळी वेगवेगळी मुलं जिंकत-हरत असतील, तर खुशाल हात मोजा. पण तीच मुलं सतत हरत असतील तर बारी लावा. आमच्या ३६ मुलांचे चार-चारचे नऊ गट केले, दर शनिवारी एक गट खेळ ठरवतो. ज्याला क्रिकेट हवं त्याला क्रिकेट मिळतंच, त्याची बारी आल्यावर.

सर्वसहमतीतही खोट येऊ शकते, हे मी अनुभवाने सांगते. शेवटी उरलेल्या एकट्याला बाकीचे पस्तीस जण "हो म्हण ना, तुझ्यामुळे थांबलंय" असं म्हणून दामटतात. तो गप्प बसतो आणि आपण ते गप्प बसणं संमतीत धरतो. असं व्हायला लागलं की मी विषय तिथेच थांबवते आणि दुसऱ्या दिवशी घेते. एक रात्र गेली की कधी तो एकटा मऊ होतो, कधी बाकीचे होतात.

आणि जी मुलं वर्गात नसतात त्यांचं काय? आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. मूल उन्हाळा लागताना परत येतं तेव्हा संघ ठरलेले, जोड्या ठरलेल्या, वर्गाचे नियमसुद्धा ठरलेले. त्याच्या गैरहजेरीत झालेलं बहुमत त्याच्यावर लागू. या वर्षीपासून आम्ही ठरवलंय की मूल परतलं की त्या आठवड्यात वर्गाचे नियम पुन्हा वाचायचे आणि त्याला विचारायचं, यातलं काय बदलावं वाटतं? गेल्या खेपेला एकाने सांगितलं, "बाई, उशिरा आलं की दारात उभं राहायचा नियम काढा." तो नियम काढला.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ चा आहे, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात मुलाला आपल्याशी संबंधित गोष्टींत मोकळेपणाने मत मांडता यावं आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळावं, असं म्हटलं आहे. मत मांडायला जागा आणि त्याला वजन, या दोन्ही गोष्टी वर्गात आपल्या हातात आहेत. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

माझी मागणी छोटी आहे. टाचण वहीच्या शेवटच्या पानावर महिनाभर लिहून ठेवा : वर्गाने काय काय ठरवलं आणि प्रत्येक वेळी कोण हरलं. नावं लिहा. महिन्याच्या शेवटी तीच तीच चार नावं दिसली, तर त्या मुलांशी बोला. आणि आपापल्या केंद्रप्रमुखांना सांगून पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, या विषयाला अर्धा तास मागून घ्या. आपली पानं समोर ठेवून बोलू.

खिडकीजवळच्या त्या मुलीच्या गटाची बारी जानेवारीत आली. तिने स्वतः उठून फळ्यावर लगोरी लिहिलं, तेही एवढ्या मोठ्या अक्षरांत की शेवटच्या री ला जागाच उरली नाही. चार मुलगे रुसून लिंबाखाली जाऊन उभे राहिले, खेळले नाहीत. मी त्यांना ओढून आणलं नाही. त्यांची नावंही त्या दिवशीच्या पानावर लिहिली.

शिक्षण परिषदेला मी ते पान घेऊन येणार आहे.

तुमचीच,
पाचवीची एक वर्गशिक्षिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जालना जिल्हा